सातशे चाळीस

तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसले होते. त्यांच्या शेऱ्यावर सुविधाबाईंची नोकरी टिकणार होती. बाईंनी घाईघाईनं फळ्यावर गणित लिहिलं. मिठाईच्या दुकानात दोन डबे कुंदा आणि तीन मांडे ३६० रुपयांना, चार डबे आणि पाच मांडे ७४० रुपयांना. तर एक मांडा कितीला?

दहावीतली आरोही खडू घेऊन उभी राहिली. पहिल्याची दुप्पट केली तर चार डबे आणि सहा मांडे सातशे वीसलाच येत होते. मग एक मांडा कमी घेऊन वीस रुपये जास्त कसे? तिनं वळून बाईंकडं पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

आरोहीनं सातशे धरून गणित सोडवलं. एक मांडा वीस रुपये.

"फळ्यावर सातशे चाळीस आहे," साहेब म्हणाले.

"वाचताना चुकलं माझं, सर."

"नीट बघून सोडवत जा," म्हणत साहेबांनी बाईंच्या कागदावर चांगला शेरा लिहिला.

ते गेल्यावर बाईंनी तिला जवळ बोलावलं. "चूक माझी हुती गं. तू का अंगावर घेतलीस?"

"यंदा गणिताला तुमी तिसऱ्या बाई हायसा," आरोही म्हणाली. "चौथ्या येईपर्यंत आमची परीक्षा हून जाईल."