सोबतीण

"ही खोली खाली खाली चाललीया," शालनमावशी हेमांगीला म्हणाल्या.

सरकारमान्य अळंबी-उपचार केंद्रात परवानाधारक सोबतीण म्हणून हेमांगीचा हा पहिलाच रुग्ण होता. मावशींना कर्करोग होता आणि मरणाच्या भीतीने त्यांची झोप उडाली होती. ती भीती घालवायला त्यांनी भास घडवणाऱ्या अळंबीचं औषध नुकतंच घेतलं होतं आणि त्याचा अंमल उतरेपर्यंत हेमांगीने त्यांच्या सोबत बसायचं होतं. कायद्याने हे औषध माणसाला आयुष्यात एकदाच मिळायचं. भिंतीवरची घंटा दाबली, की डॉक्टर येऊन उतारा टोचणार आणि ती एकमेव संधी संपणार.

मावशींना दरदरून घाम फुटला. "मी मराया लागले का गं?"

रुग्णाला खोटा धीर द्यायचा नाही, हे प्रशिक्षणात घोटून घेतलं होतं. आणि खरं काय, ते हेमांगीलाच ठाऊक नव्हतं. ती उठली. तिचा हात घंटेकडे गेला.

मावशींनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. "तूबी भ्यालीस व्हय?"

"हो, मावशी. खूप."

"मग हितं ये. येकटीनं भ्यायचं लई वंगाळ असतं."

हेमांगीने घंटा दाबली नाही. ती मावशींना बिलगून बसली. दोघींपैकी नेमकं कोण जास्त थरथरतंय, ते बराच वेळ तिला कळत नव्हतं.