थोरल्याचं नाव

लेसोथोतल्या त्या डोंगरगावात बाईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. नगरहून मिशनच्या कामाला आलेल्या म्हाताऱ्या पाळकांच्या बायकोलाही पाणवठ्यावर बायकांनी विचारलं, "थोरल्याचं नाव काय?"

त्यांचा एकुलता एक मुलगा लहानपणीच तापानं गेला होता. तेव्हापासून पाळकांनी घरात त्याचं नाव काढू दिलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "प्रबोध."

दुसऱ्या दिवसापासून त्या गावभर 'मा-प्रबोध', म्हणजे प्रबोधची आई झाल्या.

"बंद करायला सांग त्यांना," पाळक चिडले.

"मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा."

एका सकाळी एक बाई दारात आली. पाठीला बांधलेलं तिचं मूल तापानं फणफणलं होतं. "मा-प्रबोध आहेत का?"

पाळकांनी मुलाच्या कपाळाला हात लावला आणि आत वळून हाक मारली, "अगं प्रबोधची आई, लवकर ये!"

आतला भांड्यांचा आवाज थांबला.