थंडी फार आहे बाई

"तुम्ही तिघी उभ्या राहा, मी काढते फोटो," लुआ म्हणाली आणि किएनच्या हातातला मोबाईल तिने घेतलासुद्धा.

मुईला हे मुळीच आवडलं नाही. एकोणीस वर्षं झाली, सायकलवाल्या बायका लिलीची फुलं विकायला लागल्या की तळ्याकाठी चौघींचा फोटो निघायचाच. चौघी एकाच कापडगिरणीतल्या, एकाच पाळीच्या. गिरणी सुटली, फोटो सुटला नाही. मुईचा नवरा किएन दर वर्षी पिशव्या सांभाळायला आणि फोटो काढायला येई, आणि दर वर्षी बोलणी खाई.

"तू कशाला? यांना काय नुसतं बसायला आणलंय?"

"भाऊजींचा हात हलतो."

"हलतो तर हलू दे. इतकी वर्षं हललेल्या फोटोंवरच भागलंय आपलं."

किएनने मोबाईल परत घेतला. संसारात कुठे बोलू नये, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

लुआने कोटाची कॉलर वर केली. कोट तिच्या नवऱ्याचा, गुडघ्यापर्यंत आलेला. थंडी होती खरी. नवऱ्याचा कोट शिवता शिवता जिचा हिवाळाच सरला, त्या लोककथेतल्या नांग बानसाठी, तिच्या नवऱ्याला तो घालून बघता यावा म्हणून, तिच्या देवबापाने स्वर्गातून परत धाडलेली ही थंडी. गोधड्या धुऊन कपाटात टाकल्या की हमखास येते. पण बाकीच्या तिघींनी आपापले कोट बाकावर टाकले होते आणि दात वाजत असतानाही नवे आकाशी आओ झाय, अंगाबरोबर शिवलेले लांब झगे, मिरवत होत्या. रंगावरून दोन महिने फोनवर भांडणं झाली होती. शेवटी लुआचंच खरं झालं, आणि आता तीच कोट काढायला तयार नव्हती.

"काढ की गं," बिक म्हणाली. "तुझ्या रंगापायी आम्ही इथे काकडतोय."

"मला बाधेल."

"तुला? ऐन हिवाळ्यात हौदावर अंघोळ करणारी तू!"

मुई तिला ओढून आणायला गेली. पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. एवढ्या जाड कोटातूनही लुआचा मणका न् मणका हाताला लागला.

पावसाळ्यानंतर लुआच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. 'डॉक्टर म्हणालेत, आता निर्धास्त राहा,' असं ती फोनवर सांगे, आणि ते खोटं नव्हतं. पण भेटायला तिने कुणाला येऊ दिलं नाही. शिंपिणीकडे मापाला चौघींनी मिळून जायचं ठरलं, तेव्हाही हिने चिठ्ठीच पाठवली: गेल्या वर्षीचं माप धरा, माझ्यात काही बदल नाही. अंगाबरोबर बसणारा कपडा तो, बोटभर इकडेतिकडे झालं तरी दिसतं.

एका डब्यातून जेवलो आणि ही बया आपल्यापासून लपवते, याचा मुईला राग आला.

"सोड गं," लुआ हळूच म्हणाली. "या वर्षी नको मला. पुढच्या वर्षी बघू."

मुई सरळ बाकापाशी गेली, आपला कोट उचलला आणि अंगात चढवला.

"थंडी फार आहे बाई," ती म्हणाली. "फोटोपायी मी काही मरायची नाही."

बिकने तोंड उघडलं. मुईने डोळे वटारले. बिक तोंडाळ खरी, पण बुद्धीने कमी नव्हती. तिने लुआच्या बाहीतून डोकावणारं मनगट पाहिलं आणि गुपचूप कोट घातला. हाओ सगळ्यांत धाकटी. तिने तर वर मफलरही गुंडाळला.

"हो ना मुईताई, हुडहुडीच भरली."

गळ्यापर्यंत गुंडाळलेल्या चौघी हातात लिलीचे गुच्छ घेऊन उभ्या राहिल्या. आणि नेमके तेव्हाच ढग हटले, तळ्यावर लख्ख ऊन पडलं. देवालाही कधी कधी वेळ कळत नाही.

"अहो बायांनो, ऊन आलंय," किएन म्हणाला. "कोट काढा. रेशनच्या रांगेत उभ्या असल्यासारख्या दिसताय."

"तुम्हाला काय कळतंय? आम्हाला थंडी वाजतेय."

"घाम आलाय तुला."

"थंडीचाच आहे तो."

बिकच्या कपाळावरून पावडर ओघळत होती. हाओने मफलर सैल करायला हात वर नेला, तो मुईच्या कोपराने खाली आणला. शेजारी फोटो काढणाऱ्या पोरी तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. चौघींतलं कुणी हलेना.

लुआने एकेकीकडे पाहिलं. आता रडते की काय असं मुईला वाटलं, तोच ती हसत सुटली. ऑपरेशनची जागा दुखू नये म्हणून पोट दाबून धरत.

"सटव्यांनो, उकडून मराल," ती म्हणाली. तिने गुंड्या सोडल्या, कोट काढला आणि किएनच्या खांद्यावर टाकला.

आकाशी कपडा तिच्या अंगावर नुसता लोंबत होता. तिघींनी पाहिलं, आणि आपापले कोट काढले. किएनचा हात क्षणभर खाली आला होता, तो त्याने पुन्हा वर केला.

"जवळ सरका," तो म्हणाला. "मधे फट दिसतेय."

अशी तक्रार त्याने कधीच केली नव्हती. एरवी अंगाने भरलेली लुआ मधे उभी राहिली की फोटोत कडेची एक तरी कापली जायची. तिघी सरकल्या. तरी तो हाताने खुणावतच राहिला, अजून, अजून.

"काढा हो भाऊजी," लुआ मधून म्हणाली. "आणखी सरकल्या तर मांडीवरच घेतील मला."