टुलॉकचा वंशवृक्ष

"त्यांना वेबसाइट लावून देऊ नकोस," शिवांगी या मैत्रिणीनं बजावलं होतं. "मग फोनच येणार नाही त्यांचा."

"अगं, तेच तर हवंय!" म्हणून ईप्सिता हसली होती.

हसेल नाही तर काय! जर्मनीत, इंगोलश्टाटमध्ये सकाळचे सात. एका हातात विहानचा मोजा, दुसऱ्या हातात फोन. फोनवर पुण्याहून सासरे, श्यामकांत.

"ईप्सिता, अगं तो टुलॉक १८७१ला ग्लासगोतच होता ना?"

"बाबा, विहानला बालवाडीत सोडायचंय."

"सोड, सोड. मी थांबतो."

जॉन टुलॉक म्हणजे बाबांच्या आजीचे आजोबा. स्कॉटलंडहून मुंबईच्या रेल्वे कारखान्यात आलेला, बॉयलर बांधणारा कारागीर. सासूबाई गेल्यापासून बाबांनी त्याचा ध्यासच घेतला होता. जनगणना, चर्चची रजिस्टरं, जहाजांच्या याद्या, सगळं ईप्सितानं शोधायचं, कारण तिला 'कॉम्प्युटरमधलं कळतं'. आत्तापर्यंत टुलॉक सापडले चौदा. त्यातले सहा जॉन.

"ओपा शोन वीडर!" चार वर्षांचा विहानही कुरकुरायचा. पुन्हा आजोबा!

शेवटी तिनं वंशावळीच्या एका वेबसाइटवर बाबांचं खातं उघडलं. 'ही नोंद जोडू का?' असं दर वेळी विचारणारी खिडकीही बंद करून टाकली, नाहीतर त्यासाठी वेगळे फोन.

"जमेल मला?" बाबांनी विचारलं.

"न जमायला काय झालं? आता तुमचं तुम्ही बघा."

फोन थांबले. वृक्ष मात्र वाढत गेला. सोमवारी टुलॉकचा बाप्तिस्मा, बुधवारी बहीण, शुक्रवारी बहिणीचा नवरा, तोही बॉयलर बांधणारा. विहानचा ताप बघावा तशी ईप्सिता सकाळ-संध्याकाळ तो वृक्ष बघायची. नवी नोंद दिसली की निर्धास्त.

रविवारी उत्कर्षनं वडिलांना दोनदा फोन लावला. उचलला नाही.

"स्कॉटलंडला गेलेत," तो हसला. "कालच तीन नोंदी टाकल्यात, बघ."

"कानाचं मशीन लावायला सांग आधी. एक गोष्ट ऐकतील तर शपथ!"

मंगळवारी मात्र तिनं कपाळावर हात मारला. टुलॉकचा जन्म १८४६चा, आणि त्याच्या मुलाचा १८३९चा! अहो बाबा, जोडण्याआधी तारीख तरी बघायची! धुसफुसतच तिनं नोंद दुरुस्त करायला उघडली. 'कोणी जोडली' या रकान्यात लिहिलं होतं : आपोआप. तिनं आधीची उघडली. आपोआप. त्याच्या आधीची. आपोआप. खाली बारीक अक्षरांत बाबांचं नाव आणि शेवटचा प्रवेश : नऊ दिवसांपूर्वी.

ती ईप्सिता म्हणजे मी. माझ्या सासऱ्यांचा फोन आता बंद लागतोय. समोरचे शेजारी गावाला गेलेत. हे वाचणारं कुणी पुण्यात सहकारनगरच्या आसपास असेल तर कृपा करून आत्ता जा. निशिगंध सोसायटी, दुसरा मजला, डावीकडचं दार. नुसती बेल नका मारू, दार जोरात वाजवा.