अर्धा तास

तपासनीस बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "एखादं कुलूप उघडायला तुम्हाला किती वेळ लागतो?"

कुलूपवाल्याने बायकोकडे पाहिलं. नागरिकत्वाच्या अर्जाला सात वर्षं झाली होती, आणि घरी येऊन होणारी ही चौकशी म्हणजे शेवटची पायरी. सकाळपासून घरात लगीनघाई होती. खुर्च्या चारदा हलून पुन्हा जागच्या जागी आल्या होत्या. बायकोने त्याच्या शर्टाला दोनदा इस्त्री केली होती, दुसऱ्यांदा तो अंगात असताना. सगळं झकास चाललं होतं. पण बाई आधी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे चौकशी करून आल्या होत्या, आणि काकूंनी त्याची तोंड भरून स्तुती केली होती. देवमाणूस, आणि हात तर असा, की काकू किल्ली घरात विसरल्या तेव्हा त्या खाली ठेवलेली पिशवी उचलेपर्यंत दार उघडं.

ही स्तुती सुरक्षा खात्याच्या कागदावर कशी दिसेल, हे बायकोला त्याच्याआधी कळलं. तिने डोळे वटारले.

"अर्धा तास," कुलूपवाला म्हणाला. "साधं असेल तर."

चोवीस वर्षांच्या धंद्यात स्वतःची इतकी बदनामी त्याने प्रथमच केली. बाईंनी ती लिहून घेतली, चहा संपवला आणि निघाल्या. दार लागताच बायकोने त्याचे दोन्ही हात धरले. दोघं शाळेतल्या पोरांसारखी उड्या मारणार, तेवढ्यात घंटी वाजली.

दारात बाईच. गाडीत फाइल टाकताना किल्लीही तिच्याबरोबर सीटवर पडली होती, आणि दार सवयीने बटण दाबून लावलं गेलं होतं.

तो तार घेऊन खाली आला. बाई पलीकडच्या बाजूला जाऊन काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. त्याने तार आत सरकवली, मनगट जरासं वळवलं आणि हाताने घात केला. खट्. नऊ सेकंद. तो मोठ्याने खोकला आणि घाईघाईने कुलूप परत लावलं. मग मुद्दाम डाव्या हाताने. खट्. खोकला. मग डोळे मिटून. खट्. या वयात बोटांना आळस शिकवणं काही सोपं नव्हतं. वरून काकूंनी खिडकीतून विचारलं, "आज बरं नाही का रे? माझं दार तर तू..." बायको धावत वर गेली. खिडकी बंद झाली.

एकतिसाव्या मिनिटाला त्याने घामाघूम होऊन दार उघडलं. कुलूप फार चिवट होतं, असंही सांगून टाकलं.

बाई आत बसल्या, फाइल मांडीवर घेतली आणि 'अर्जदाराचा स्वभाव' या रकान्यात सावकाश लिहू लागल्या. त्याला राहवेना. काय लिहिताय, असं त्याने विचारलंच.

"माझ्या बाजूने ते बटण दिसत होतं," बाई मान वर न करता म्हणाल्या. "चौदा वेळा वर आलं."

या वेळी कुलूपवाल्याला खोकलासुद्धा आला नाही.

बाईंनी पान उलटून 'हरकत नाही' असा शिक्का मारला, मग पुन्हा मागे येऊन फाइल त्याच्यापुढे धरली. रकान्यात एवढंच होतं: 'खोटं जमत नाही. प्रयत्न प्रामाणिक.'