झाकणावरचं कुंकू

"झाकणाशी छेडछाड झालेली आहे, सर," कंपनीच्या वकील नम्रता म्हणाल्या.

छेडछाड म्हणजे काय, तर कुंकू. थंड पेयाच्या बाटलीच्या झाकणाखाली स्कूटरचं चित्र आणि नंबर निघाला, तेव्हा गोदाबाईने ते झाकण आधी देवापुढे ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं. घरात नवं काही आलं की ती हेच करते, गॅसच्या शेगडीलासुद्धा तिने सोडलं नव्हतं. आता त्या नंबरातले शेवटचे आकडे ओल्या कुंकवाने पार पुसले गेले होते.

ग्राहक आयोगासमोर गोदाबाईचा नवरा, वैजनाथ, उठून उभा राहिला. वॉचमन माणूस, उभं राहायची सवय होती, बोलायची नव्हती. पण आज गप्प बसून भागणार नव्हतं. लेकीला, सृष्टीला, नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला, ड्यूटी भल्या पहाटे, आणि वारज्याहून त्या वेळी बस मिळायची मारामार. गाडी नाही, तर शिक्षणही नाही.

"साहेब, हिने आधी टिकलीएवढंच लावलं होतं. नंबर चांगला दिसत होता. मग कंपनीची माणसं कॅमेरा घेऊन घरी आली. म्हणाली, काकू, कुंकू फोटोत दिसत नाही, जरा भरपूर लावा. पुन्हा पुन्हा लावायला लावलं. तोच फोटो आमच्या चौकात केवढा मोठा टांगलाय. विजेत्यांचं घर, असं लिहिलंय वर."

अध्यक्षांनी वकीलबाईंकडे पाहिलं.

"ती जाहिरात आहे, सर. बाईंनी मॉडेल म्हणून सही दिलीय, विजेती म्हणून नाही. फोटोखाली छापलंही आहे, प्रतीकात्मक छायाचित्र."

"अहो, पण ती मीच आहे," गोदाबाई म्हणाली.

"आपणच आहात. पण प्रतीकात्मक." वकीलबाईंचा आवाज अगदी गोड होता.

वैजनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. अध्यक्षांनी विचारलं, कुंकू लावायला कंपनीच्या माणसांनी सांगितलं याचा काही पुरावा? आता घरी आलेल्या पाहुण्यांना चहा देताना पुरावा कोण मागून ठेवतं! नंबर पडताळता येत नाही, असं म्हणून अध्यक्षांनी तक्रार फेटाळली. वाईट त्यांनाही वाटलं असावं, पण त्याचा उपयोग काय.

सृष्टीला काय सांगायचं, ते वैजनाथ परतीच्या बसमध्ये मनात जुळवून पाहत होता. काही केल्या जुळत नव्हतं.

वारज्याच्या चौकात उतरले, तर डोक्यावर तोच फलक. दुमजली घराएवढी गोदाबाई, हातात झाकण, तोंडभर हसू. थांब्यावरची एक बाई कधी वर, कधी गोदाबाईकडे बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"अहो, त्या तुम्हीच ना? नशीब काढलंत हं. पोरं फिरवतात की नाही गाडीवरून?"

वैजनाथ काहीतरी तिरकस बोलणार होता, पण गोदाबाईने त्याचा हात धरला. मान वर करून तिने फलकावरच्या हसणाऱ्या बाईकडे नीट पाहून घेतलं.

"नाही हो ताई," ती म्हणाली. "ती मी नव्हे. तिला मिळाली गाडी."