पाया पडणारा हात

काचेपलीकडे बाबासो मुळीकचा हात लेथवर सफाईने चालत होता, आणि बाबासो इकडे टेबलाशी बसून जळत होता. अपघातात त्याची बोटं गेली, पण त्याआधीच कारखान्याने त्याचं तीस वर्षांचं कसब एका यांत्रिक हातमोज्यात भरून घेतलं होतं. तो मोजा आता नुकत्याच कामाला लागलेल्या सारिकाच्या हातात होता.

मोज्यातल्या बिनकामाच्या हालचाली टेबलावरच्या पडद्यावर शोधून पुसायच्या, एवढंच बाबासोचं काम उरलं होतं. लेथ सुरू करण्याआधी मोजा सारिकाचा हात लेथला टेकवून कपाळाला न्यायचा. ती बाबासोची जुनी सवय.

“कसब नेलंस, नमस्कार तरी माझा राहू दे,” असं काचेपलीकडच्या मोज्याला पुटपुटत त्याने ती हालचाल पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सारिका दारात उभी राहिली. “मामा, आज हात पाया पडंना बघा. बिघडलाय का?”

“न्हाई. ते कामाचं नव्हतं.”

“असं कसं? मला तर त्याच्याबिगर काम सुरूच करू वाटंना.”

ती लेथपाशी परत गेली, तिने मोजा उतरवला आणि उघडा हात लेथला टेकवून कपाळाला लावला.

बाबासोने पडद्यावर ती हालचाल शोधली. पुसायला तिथे काहीच नव्हतं.